मुंबई नगरीचे कारभारी : सर फिरोजशहा मेहता

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत जैन आचार्य, श्रेष्ठी व दानशूर पुरुष यांची चरित्रे असणे स्वाभाविक आहे. त्यांच्या पंक्तीत एका पारशी गृहस्थाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही समाजबांधवांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, सार्वजनिक पैसा कोणी खर्च करावा, त्यावर नजर कोणी ठेवावी आणि हिशेब कोणाला द्यावा, या तीन प्रश्नांत ज्या माणसाने आयुष्याची जवळजवळ पंचेचाळीस वर्षे घातली, तो माणूस आपल्यासारख्या न्यासाच्या विश्वस्तांना परका नाही. देवद्रव्य वेगळे, साधारण खाते वेगळे, हा विवेक आपल्या संघात लहानपणापासून शिकविला जातो. फिरोजशहा मेहता यांनी तोच विवेक एका अवाढव्य शहराच्या कारभारात रुजविला.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते १८६४ साली पदवीधर झाले व लगेच एम. ए.ही झाले. त्या काळी ही पदवी मिळविणारे हिंदी लोक बोटांवर मोजण्याइतके होते. महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर फार लोभ होता. त्याच सुमारास रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी पाच हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर होण्यासाठी दीड लाख रुपयांची देणगी जाहीर केली होती. ग्रँटसाहेबांच्या शिफारशीने तिचा लाभ फिरोजशहांना मिळाला आणि ते लंडनला रवाना झाले.

येथे आपल्या वऱ्हाडाचा व आपल्या समाजाचाही संबंध येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, म्हणून हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावती, कारंजा, खामगाव येथील गाठी मुंबईला जाऊ लागल्या आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशातून बँका व वित्तसंस्था निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या शेअरांचा भयंकर सट्टा माजला. या सट्ट्याच्या केंद्रस्थानी शेठ प्रेमचंद रायचंद होते. ते आपल्याच जैन समाजातील. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्या वर्षीच्या जुलैत मुंबईतील मोठमोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. रुस्तमजीही त्यात सापडले आणि फिरोजशहांची शिष्यवृत्ती मधेच आटली. वीस वर्षांच्या त्या तरुणाला परमुलुखात काटकसरीने दिवस काढावे लागले. प्रेमचंद शेठजींविषयी मात्र एवढे सांगितलेच पाहिजे की, भरभराटीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय व मनोऱ्यासाठी लाखो रुपये दिले होते. मातोश्रींच्या नावाने उभा राहिलेला राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. राजाबाई दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळता यावा म्हणून त्यांना या घड्याळाच्या ठोक्यांचा उपयोग होई, अशी कथा आपल्या लोकांत सांगितली जाते.

लंडनमध्ये फिरोजशहांना दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. उमेशचंद्र बॅनर्जी व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याशी तेथेच मैत्री जडली. १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले. मुंबईच्या हायकोर्टात त्या काळी इंग्रज बॅरिस्टरांचा वरचष्मा असल्याने त्यांची वकिली अधिक फुलली ती गुजरात-काठियावाडातील न्यायालयांत व संस्थानांत. तिच्या बळावर त्यांनी आयुष्यभर सार्वजनिक काम विनामूल्य केले. वकिलीच्या यशापयशाची हकिगत येथे देण्याचे कारण नाही. त्यांचे खरे क्षेत्र नगरपालिका हेच होते.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे व म्युनिसिपल कमिशनर या एका अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आला होता. पहिला कमिशनर होता आर्थर क्रॉफर्ड. माणूस धडाडीचा. त्याने रस्ते रुंद केले, गटारे सुधारली, मंडया बांधल्या. त्याच्या नावाची मंडई आज महात्मा ज्योतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. परंतु खर्चाला त्याने धरबंध ठेवला नाही. घरपट्टी वाढली, तिजोरी रिकामी झाली, आणि १८७० व १८७१ मध्ये करदात्यांनी मोठी चळवळ उभारली. नौरोजी फर्दुनजी व विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखी वजनदार मंडळी तीत होती. कमिशनरचे अधिकार काढून घेऊन ते समितीकडे द्यावेत, अशी मागणी जोर धरू लागली.

अशा वेळी नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी नगरसुधारणेवर एक निबंध वाचला. सगळे शहर क्रॉफर्डवर संतापलेले असताना त्यांनी क्रॉफर्डने केलेल्या कामांची बाजू घेतली. श्रोत्यांना ते मुळीच रुचले नाही. पण त्यांचा मुद्दा निराळाच होता. त्यांचे प्रतिपादन असे होते की, अंमलबजावणी एकाच जबाबदार माणसाच्या हाती असावी, समितीच्या हाती दिली तर कामही होत नाही आणि चूक झाली तर धरायचे कोणाला हेही कळत नाही. दोष कमिशनर या पदाचा नाही, दोष आहे तो त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या मंडळाचा. ज्यांनी कर भरला त्यांनी ते मंडळ निवडलेले नाही, म्हणून त्या मंडळाला ना अधिकाराची जाणीव ना हिशेबाची काळजी. तेव्हा करदात्यांना मताधिकार द्या आणि तिजोरीची किल्ली त्यांच्या प्रतिनिधींच्या हाती ठेवा.

ज्याने दुकान चालविले आहे त्याला हे लगेच उमगेल. गल्ल्यावर चार जण बसविले की रोकड जुळत नाही. दिवाणजी एकच असावा, पण रात्री कीर्द मालकाने पाहिलीच पाहिजे. क्रॉफर्डच्या काळी मुंबईत दिवाणजी होता, मालक मात्र कीर्द न पाहता घरी जात असत. या क्रॉफर्डसाहेबांची पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. सरकारच्या महसूल खात्यात तो मोठ्या हुद्द्यावर चढला आणि हाताखालच्या मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांवरून १८८८ मध्ये त्याची चौकशी झाली. अखेर त्याला नोकरी गमवावी लागली. फिरोजशहांनी १८७१ मध्ये त्याच्या कामांचे समर्थन केले होते, त्याच्या हिशेबाचे नव्हे, हा भेद वाचकांनी लक्षात घ्यावा.

१८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन अस्तित्वात आली. त्यांपैकी निम्मे, म्हणजे बत्तीस, करदात्यांनी निवडलेले होते. सोळा जस्टिसांकडून व सोळा सरकारकडून यावयाचे होते. हिंदुस्थानात नगरपालिकेसाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर निवडणुकीचे तत्त्व स्वीकारल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. फिरोजशहा या पहिल्या कॉर्पोरेशनपासून सभासद झाले ते अखेरच्या आजारापर्यंत. कॉर्पोरेशनच्या प्रमुखाला त्या काळी चेअरमन व पुढे प्रेसिडेंट म्हणत. महापौर हे नाव १९३१ मध्ये आले. त्यामुळे फिरोजशहांना कोणी महापौर म्हणून संबोधिले नाही, तथापि आजच्या महापौरांची जी खुर्ची, तीवर ते १८८४, १८८५, १९०५ व १९११ अशा चार वेळा विराजमान झाले.

चारच वर्षे खुर्चीवर असूनही त्यांना मुंबईचा बिनमुकुटाचा राजा का म्हणत, हे कोडे आहे. त्याचे उत्तर त्यांच्या तयारीत सापडते. विषयपत्रिकेवरील प्रत्येक कागद ते वाचून येत. कायद्याचे कलम, मागील ठराव, खर्चाचा आकडा, सर्व त्यांना मुखोद्गत असे. अंदाजपत्रकावर ते बोलू लागले की कमिशनरच्या बाकावर शांतता पसरे. ज्या सभासदांनी कागद वाचलेले नसत ते त्यांच्यामागे मत देत, आणि असे सभासद बरेच असत. आपल्या संस्थांमध्येही हे दृश्य अपरिचित नाही. याचा एक दुष्परिणाम असा झाला की, फिरोजशहांचे मत तेच कॉर्पोरेशनचे मत होऊ लागले. विरोध ते सहज सहन करीत नसत. आवाज खणखणीत, बोलणे उपरोधिक, अंगावर उत्तमोत्तम पोशाख. कपड्यांच्या बाबतीत ते अत्यंत चोखंदळ होते, याचे निदान या लेखकाला तरी कौतुक वाटते.

त्यांच्या कर्तृत्वाचे शिखर म्हणजे १८८८ चा मुंबई नगरपालिका कायदा. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचे धोरण जाहीर केले होते. १८८४ च्या डिसेंबरात मुंबईच्या नगरपालिका भवनाची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसविली गेली, तेव्हा चेअरमन फिरोजशहाच होते. परंतु नवीन कायद्याचा जो मसुदा सरकारने आणला त्यात कमिशनरला कॉर्पोरेशनच्या बरोबरीचे स्थान देण्याचा व सरकारचा हात वर ठेवण्याचा घाट होता. फिरोजशहा व न्यायमूर्ती म्हणून पुढे कीर्ती मिळविलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही तेव्हा कायदेमंडळात होते. दोघांनी मसुद्याच्या कलमांशी अक्षरशः झुंज घेतली. गव्हर्नर लॉर्ड रे हेही समंजस निघाले. अखेर जो कायदा झाला त्यात नगराचा कारभार कॉर्पोरेशनच्या ठायी आहे हे तत्त्व स्पष्ट शब्दांत नोंदविले गेले आणि अंमलबजावणीचा अधिकार कमिशनरकडे राहिला. अंदाजपत्रक कमिशनरने मांडावे, स्थायी समितीने तपासावे, कॉर्पोरेशनने मंजूर करावे. मोठ्या रकमेचे ठेके स्थायी समितीच्या संमतीवाचून देता येऊ नयेत. हिशेबाची तपासणी वेगळ्या माणसांनी करावी. सभासदांची संख्या बहात्तर झाली व त्यांपैकी छत्तीस वॉर्डांतून निवडून येऊ लागले. १८७१ च्या निबंधातील विचार सतरा वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आला. अनेक दुरुस्त्या होऊनही मुंबईचा कारभार आजतागायत याच कायद्याखाली चालतो.

१८९२ मध्ये तानसाचे पाणी मुंबईत आले. १८९३ मध्ये स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने बांधलेले नगरपालिका भवन पूर्ण झाले. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि हजारो लोक शहर सोडून गेले. मांडवीच्या धान्यबाजारातील आपल्या कच्छी बांधवांच्या कुटुंबांनी त्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या. प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही स्वतंत्र संस्था काढली. शहराचा पैसा शहराच्या प्रतिनिधींच्या पूर्ण ताब्यात नसलेल्या संस्थेकडे जावा, हे फिरोजशहांना पटण्यासारखे नव्हते. १९३३ मध्ये तो ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्येच विलीन झाला. हे त्यांच्या पश्चात घडले.

पोलिसांच्या खर्चाचा वाद विशेष आहे, कारण त्यात त्यांची व्यापारी बुद्धी दिसते. मुंबईच्या पोलिसांवर हुकमत सरकारची, पण खर्चाचा वाटा मात्र कॉर्पोरेशनने द्यावयाचा, अशी जुनी रीत होती. ज्या नोकरावर आपला हुकूम चालत नाही त्याचा पगार आपण का द्यावा, असा फिरोजशहांचा सरळ सवाल होता. कॉर्पोरेशनने वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. अखेर १९०७ च्या कायद्याने तोड निघाली. पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्याच्या मोबदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार कॉर्पोरेशनने पत्करला. शहराचा पैसा शहरातील मुलांच्या शाळांकडे व रुग्णांकडे वळला. पैशाचा आकडा कदाचित फारसा बदलला नसेल, पण खाते बदलले.

याच १९०७ साली त्यांच्यावर मोठा प्रसंग आला. फिरोजशहांच्या वर्चस्वाला कंटाळलेल्या काही युरोपियन अधिकाऱ्यांनी त्यांना कॉर्पोरेशनमधून घालविण्याचा बेत रचला. अकाउंटंट जनरल हॅरिसन हे त्याचे सूत्रधार. टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांची त्यांना साथ होती, आणि म्युनिसिपल कमिशनर शेपर्ड व पोलीस कमिशनर गेल हेही त्यात होते. फिरोजशहा जस्टिसांच्या मतदारसंघातून निवडून येत. तेथे सोळा जागा होत्या. या मंडळींनी सोळा नावांची यादी तयार केली, मतदारांना गाठले, आणि निकाल लागला तेव्हा फिरोजशहा सतरावे आले. ज्यांनी कायदा घडविला तेच सभागृहाबाहेर राहिले. शहरात मोठा प्रक्षोभ झाला. सरकारी पदावरील माणसांनी निवडणुकीत पडावे काय, हा प्रश्न देशभर गाजला. पुढे असे आढळले की निवडून आलेल्यांपैकी सुलेमान अब्दुल वाहेद या गृहस्थांचा कॉर्पोरेशनच्या एका ठेक्याशी हितसंबंध होता. ज्याचा ठेक्यात हितसंबंध आहे तो सभासद होऊ शकत नाही, असे १८८८ च्या कायद्यातच लिहिलेले होते. प्रकरण न्यायालयात गेले, त्यांची निवड रद्द झाली आणि सतराव्या क्रमांकाचे फिरोजशहा सोळावे होऊन पुन्हा सभागृहात आले. आपणच घातलेल्या कलमाने आपल्याला तारावे, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

त्यांचे राष्ट्रीय कार्य सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८८५ मध्ये तेलंग व तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९०१ मध्ये शेतसाऱ्यासंबंधीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात रेटले गेले, तेव्हा फिरोजशहा, गोखले व त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. १९०४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवाला यांनी संपूर्ण हिंदी भांडवलाची सेंट्रल बँक ऑफ इंडिया काढली, तिचे पहिले अध्यक्षपद फिरोजशहांनी स्वीकारले. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक सुरू केले.

परंतु आम्हा वऱ्हाडकरांच्या दृष्टीने एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. १९०७ ची काँग्रेस नागपूरला व्हावयाची होती. नागपूर-वऱ्हाडात लोकमान्य टिळकांच्या पक्षाचा जोर होता आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे लोकमान्यांचे खंदे साथीदार. नागपुरात तंटा होऊ लागताच फिरोजशहांच्या गटाने अधिवेशन सुरतेला हलविले. सुरतेत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. खुर्च्या उडाल्या, आणि भिरकावलेला जोडा मंचावरील सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा या दोघांनाही लागला. काँग्रेस दुभंगली ती त्यांच्या हयातीत सांधली गेली नाही. अमरावतीचेच रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे मवाळ पक्षाचे, आणि ते १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. म्हणजे एकाच अमरावतीत दोन्ही बाजूंचे धुरीण होते. या लेखकाचे नम्र मत असे की, सभागृहात नियमाने चालणाऱ्या फिरोजशहांनी सुरतेत तो नियम पाळला नाही. सर्वांना मान्य असलेल्या स्थळी सर्वांचे म्हणणे ऐकून घेणे त्यांना अशक्य नव्हते. कॉर्पोरेशनमध्ये जी सवय लागली, की आपण ठरवावे आणि इतरांनी हात वर करावे, ती त्यांनी देशाच्या सभेतही नेली.

१९१५ च्या फेब्रुवारीत गोखले वारले. त्याच वर्षी फिरोजशहा मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. डिसेंबरात मुंबईत भरणाऱ्या काँग्रेसची तयारी चालू असतानाच ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. वय सत्तर वर्षांचे होते.

१९२३ मध्ये नगरपालिका भवनासमोर, बोरीबंदर स्थानकाच्या समोरच्या बाजूला, त्यांचा पुतळा उभारण्यात आला. मुंबईला माल भरण्यास जाणारे आपले अनेक बांधव गाडीतून उतरून त्याच्या जवळूनच जातात. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक लांबल्यामुळे त्यानंतर काही वर्षे महापालिका आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडणारे तेच आणि त्याला मंजुरी देणारेही तेच.